सासूबाई पुन्हा तपासणीला यायला तयार नाहीत, न सांगता नेऊ का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सासूबाई ५८ वर्षांच्या. डाव्या स्तनात गाठ लागत होती, ती त्यांनी काही आठवडे कुणालाच सांगितली नाही. मग मुलाला किंवा मुलीला न सांगता आधी सुनेला सांगितली. सुनेने मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स ४' आलं आणि बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा घेऊन तपासणी, करा असं लिहिलं. पण त्या केंद्रात तपासणी करणारा पुरुष होता, तपासणी चालू असताना कुणीतरी दार उघडून आत आलं, आणि "इतके दिवस काय करत होतात?" असं बाकीच्या पेशंटसमोर ऐकवलं गेलं. घरी आल्यापासून सासूबाईंचं एकच म्हणणं आहे, "मला काही होत नाही. पुन्हा त्या खोलीत मला नेऊ नका." नवरा आणि नणंद म्हणतात, शुगरची तपासणी आहे असं सांगून नेऊ. गावाकडचे म्हणतात, सुई लावली की पसरतं. ताईंचे प्रश्न तीन: न सांगता नेऊ का, सुईची तपासणी करावी का, आणि टाटाच्या परळच्या रुग्णालयात जावं की खारघरच्या?

मी नवी मुंबईतल्या एका स्तनविकार क्लिनिकमध्ये सिस्टर म्हणून लागले आणि आता बरीच वर्षं तिथेच रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलण्याचं काम करते. मी डॉक्टर नाही. उपचार काय करायचे हे सासूबाईंना तपासणारे सर्जनच सांगतील. पण एखादी बाई पहिल्या तपासणीनंतर परत का येत नाही आणि परत यावी म्हणून काय करता येतं, हे मी रोज बघते, म्हणून लिहिते आहे.

ताई, घरात सगळ्यांचं लक्ष बायोप्सीवर आहे. मला सासूबाईंचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांना ती खोली नको आहे. उपचाराला त्या अजून नाही म्हणालेल्याच नाहीत, कारण तिथपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललंच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यातली पहिली आपल्याला दुरुस्त करता येते. घरच्यांना ती "हट्ट" वाटते आणि मग फसवून न्यायचे बेत सुरू होतात.

आमच्याकडे पुढच्या तारखेला न आलेल्या बायकांना मी फोन करते. पैसे नाहीत, गावी लग्न आहे, गुडघे दुखतात अशी कारणं आधी येतात. थोडं थांबून ऐकलं की दुसरंच निघतं. कुणाला मोठ्या हॉलमध्ये नावासकट "ब्रेस्टचे पेशंट इकडे या" म्हणून हाक मारलेली असते. कुणाला गाऊन दिलेला नसतो आणि पदर धरून बसावं लागलेलं असतं. एकीने सांगितलं, "डॉक्टर सगळं ह्यांच्याशी बोलले. मी तिथेच बसले होते." तुमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी बाळंतपणाखेरीज कुणासमोर अंग उघडं केलेलं नसतं. त्या पहिल्यांदा धीर करून गेल्या आणि तिथे त्यांना बोलणी खावी लागली. उशीर केला म्हणून बाईला रागावलं की तिचा पुढचा उशीर आणखी वाढतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या एका गोष्टीवर मला अजून चीड येते.

यावर मुंबईतलंच एक मोठं उदाहरण आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित महिला आरोग्यसेविका हाताने स्तनतपासणी करत. मॅमोग्राफी नव्हतीच. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मी त्यातून माझ्या कामासाठी एक गोष्ट घेते. वस्तीत येऊन, बाईने बाईला समजावून केलेल्या तपासणीला बायका वर्षानुवर्षं येत राहिल्या. तुमच्या घरात लाखमोलाचं काही असेल तर ते हे की सासूबाईंनी तुम्हाला विश्वासाने सांगितलं. तो विश्वास "शुगरची तपासणी" म्हणून खर्चू नका.

आता रिपोर्ट. 'बायरॅड्स' हा रेडिओलॉजिस्टने फोटोवरून दिलेला आकडा असतो, निदान नाही. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर शक्यता. आणि ४ म्हणजे या दोन्हींच्या मधलं सगळं. म्हणूनच पुष्कळ रिपोर्टांत ४ए, ४बी, ४सी असं लिहितात: ए म्हणजे २ ते १० टक्के, बी १० ते ५०, सी ५० ते ९५. तुम्ही फक्त ४ लिहिलंय, त्यामुळे सासूबाईंची गाठ यात कुठे बसते ते मला सांगता येणार नाही. रिपोर्टमध्ये अक्षर आहे का बघा, नसेल तर त्या रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारा. अक्षर कोणतंही असलं तरी ४ला पुढची पायरी सुईची तपासणी हीच आहे. सहा महिने थांबून परत सोनोग्राफी, हा मार्ग ४साठी नाही.

घाई किती करायची? रात्रीत पळायची गरज नाही. त्यांना मनापासून तयार करण्यात आठ दिवस गेले तर ते वाया जात नाहीत. महिने मात्र जाऊ देऊ नका. येत्या दोन आठवड्यांत बायोप्सी व्हावी असं धरून चाला.

न सांगता नेण्याबद्दल मी स्पष्ट बोलते, नेऊ नका. एक तर ते जमणारच नाही. बायोप्सीच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच लागते आणि त्यावर तपासणीचं नाव लिहिलेलं असतं. समजा तेवढं पार पडलं आणि पुढे उपचाराची वेळ आली, तर दारावरच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असेल आणि शेजारच्या खुर्चीतली बाई आपली गोष्ट सांगायला लागेल. शिवाय त्यांना कल्पना नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का? गाठ त्यांच्या हाताला लागली आहे. घरात कुजबुज वाढली, फोन बाल्कनीत जाऊन व्हायला लागले, की घरातल्या मोठ्या बाईला सगळं कळतं. मग तिला कॅन्सरच्या भीतीबरोबर एकटेपणही सोसावं लागतं, कारण कुणाशी बोलायची सोय राहत नाही.

नणंदेवर चिडू नका. आईला सांगू नका म्हणणाऱ्या मुलींशी मी वेगळी बोलते तेव्हा बऱ्याचदा "मग मलाही होईल का?" हा प्रश्न आत दडलेला असतो. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आधी सासूबाईंचं निदान तर होऊ द्या. कॅन्सर निघालाच तर नणंदेने आपल्या डॉक्टरांना ते सांगून स्वतःच्या तपासणीचं विचारावं. तुम्ही सून आहात, तुमचा त्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही, पण तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी सांगितलेली आहे. तुमची झाली नसेल तर करून घ्या.

सासूबाईंशी कसं बोलायचं, तर मी स्वतः असं करते. आधी सांगायला सुरुवात करत नाही. विचारते, "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय असेल?" आणि मग गप्प बसते. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा देते. पुष्कळ बायका स्वतःच तो शब्द उच्चारतात. मग जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं: "गाठ साधी आहे की नाही हे फोटोवरून ठरत नाहीये. सुईने छोटासा तुकडा घेतला की कळेल." "काही निघणार नाही, बघाच तुम्ही" असं म्हणू नका. निघालं तर तुमच्या पुढच्या कुठल्याच वाक्यावर त्यांचा भरवसा राहणार नाही. हे बोलणं तुम्ही करा, नवऱ्याला त्या वेळी खाली फेरी मारायला पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणून त्यांनी आईजवळ नुसतं येऊन बसावं. त्या खोलीत झालं ते चुकीचं झालं, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं. "तुमचं काही चुकलं नाही, त्यांनी तसं बोलायला नको होतं," एवढं वाक्य ऐकून माझ्यासमोर बायका रडल्या आहेत आणि मग "कधी यायचं?" असं त्यांनीच विचारलं आहे. नेहमी होतं असं नाही. काहींना दोन-तीनदा बोलावं लागतं, काहींना आधी बरी झालेली एखादी बाई भेटावी लागते.

त्यानंतर पुढच्या खेपेची तयारी. यात तुमची मेहनत आहे, पण फळही इथेच आहे. जिथे बायोप्सी करायची तिथे आधी फोन करा. महिला रेडिओलॉजिस्ट किंवा महिला सर्जन आहेत का, कोणत्या दिवशी असतात, ते विचारा. नवी मुंबई-ठाण्यात हे मिळणं अजिबात अवघड नाही, पण न विचारता जाल तर जो असेल तो करणार. पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टर पूर्ण वेळ आत थांबणार का, आणि सून आत थांबू शकते का, हेही विचारा. मागायला संकोच करू नका. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना तिथे स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद घातली गेली, त्यात हे आहे, आणि खासगी रुग्णालयांनी ती दर्शनी भागात लावायची असते. भांडायच्या सुरात बोलायची गरज पडत नाही. "मागच्या वेळी आईंना फार त्रास झाला, म्हणून आधी विचारते," एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणचा स्टाफ सांभाळून घेतो.

त्या दिवशी पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालू द्या. एक मऊ ओढणी बरोबर ठेवा. सुई एकाच बाजूला लावायची असते, दुसरी बाजू झाकून ठेवायला काहीच हरकत नसते, पण कुणी आठवणीने झाकत नाही. ओढणी तुमच्या हातात असली की तुम्ही झाकाल. सकाळची पहिली वेळ मागा, गर्दी कमी असते आणि दार कमी उघडतं.

सुईच्या तपासणीत नेमकं काय होतं ते त्यांना आधीच सांगा, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. आडवं झोपवून सोनोग्राफीत गाठ बघतात. भूल देणारं इंजेक्शन देतात, ते चुरचुरतं, तेवढंच काय ते दुखतं. मग त्वचेवर तांदळाच्या दाण्याएवढा छेद घेऊन सुई आत घालतात. तुकडा घेताना स्टेपलरसारखा 'टक्' आवाज येतो. हा आवाज आधी सांगितला नाही तर बायका दचकतात, म्हणून चांगले डॉक्टर एकदा बाहेरच तो ऐकवतात. असे चार-पाच तुकडे घेतात, थोडा वेळ दाबून धरतात, पट्टी लावतात आणि घरी सोडतात. टाके लागत नाहीत, साधारणपणे उपाशी राहावं लागत नाही. जागा काही दिवस काळीनिळी दिसते, ते बरं होतं. दोन दिवस पाण्याची बादली आणि जड पिशव्या उचलू देऊ नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर फोनवरच डॉक्टरांना सांगा. ती आपल्या मनाने बंद करू नका.

"सुई लावली की पसरतं" हे मी आगरी-कोळी पाड्यांत ऐकलंय आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या शिकलेल्या घरांतही ऐकलंय. या समजामागे एक खरं निरीक्षण आहे: गावात कुणालातरी सुई लावली आणि त्यानंतर आजार वाढत गेला. पण त्या बाईला सुई लावली गेली तीच मुळात आजार पुढे गेल्यावर. वाढ आधीपासून चालू होती. आज जगभर स्तनाच्या गाठीचं निदान सुईनेच करतात आणि त्याने रुग्णाचं बरं होणं मागे पडत नाही. पसरतं ते निदान न होता गेलेल्या महिन्यांत.

इथे एका गोष्टीवर जरा जोर देते, कारण यात होणारं नुकसान नंतर भरून काढणं फार कठीण जातं. कुणी म्हणेल, "कशाला बायोप्सी, छोटं ऑपरेशन करून गाठच काढून टाकू आणि तपासायला पाठवू." याला हो म्हणू नका. गाठ कॅन्सरची असेल तर भोवतीचा किती भाग काढायचा, काखेतल्या गाठींचं काय, ऑपरेशनआधी केमो द्यायची का, हे सगळं आधी ठरवावं लागतं. अर्धवट काढलेल्या गाठीनंतर पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा मूळ गाठ किती मोठी होती हेच कळत नाही, आणि जे स्तन वाचवून झालं असतं त्याला कधीकधी मोठं ऑपरेशन करावं लागतं. दुसरं म्हणजे बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणारी एफएनएसी आणि तुकडा घेणारी कोअर किंवा ट्रू-कट बायोप्सी यांत फरक आहे. तुम्हाला दुसरी हवी. कॅन्सर निघालाच तर तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात आणि औषधं त्यावरच ठरतात.

सासूबाईंच्या मनात "काढून टाकतील का?" हा प्रश्न नक्की असेल, जरी त्या विचारणार नाहीत. निदान होण्याआधी उत्तर देता येत नाही, पण एवढं सांगू शकता: लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ आणि भोवतीचा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं, तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते. इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत २० वर्षं पाठपुरावा करून हे पाहिलेलं आहे. गाठ कुठे आणि किती मोठी आहे यावर ते शक्य आहे की नाही हे अवलंबून. आणखी एक, जे बायका मला दार लावल्यावर विचारतात: नातवंडांना जवळ घेतलं तर चालेल का, ताट वेगळं ठेवू का? हा आजार स्पर्शाने होत नाही. ताट वेगळं करायचं काही कारण नाही.

परळ की खारघर? इथवरचं धरून बघा: आधी त्यांच्याशी खरं बोलणं, मग महिला डॉक्टर असलेली जागा, मग कोअर बायोप्सी. यातली बायोप्सी टाटालाच व्हायला हवी असं नाही. जवळच्या चांगल्या केंद्रात, जिथे स्तनाचं काम नियमित होतं, तिथे करून घेता येते, आणि तुमच्या सासूबाईंचा अनुभव बघता मला तेच बरं वाटतं. लहान जागा, कमी गर्दी, ओळखीचा चेहरा. तुकड्यांच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) मात्र मागून घ्या, पुढे कुठेही गेलात तरी ते लागतात. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

कॅन्सर निघाला आणि टाटाला जायचं ठरलं, तर खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचंच आहे. ऐरोलीहून पनवेलला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल थेट खारघरला जाते. परळला जायचं तर ठाण्याला गाडी बदलावी लागते. उपचार लांबतात तेव्हा हा फरक फार मोठा होतो. कोणत्या ठिकाणी कोणती ओपीडी कधी असते, नोंदणी कशी करायची, हे निघण्याआधी विचारून घ्या. लोकलमधला अपंगांसाठीचा डबा कॅन्सरच्या रुग्णांनाही राखीव असतो. केमोच्या दिवसांत गर्दीच्या महिला डब्यात धक्के खाऊ नका, फाइल हातात ठेवा आणि त्या डब्यात बसवा.

पैशांचं आजच सगळं ठरवायची गरज नाही, पण कागद आत्ताच काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतात, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, उपचार सुरू होण्याआधी त्यांना भेटायचं. मंजुरी आधी लागते, नंतर बिलं घेऊन गेलं तर उपयोग होत नाही. अडतं ते बहुतेक नावात. सासूबाईंचं नाव रेशनकार्डावर गावाकडे एक आणि आधारवर दुसरं असं असेल तर आत्ताच बघून ठेवा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना लाजू नका, मदतीचे बाकी रस्ते त्यांना माहीत असतात. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१पासून काम करते आहे, आणि व्ही केअरसारख्या संस्थांमध्ये स्वतः या आजारातून गेलेली माणसं रुग्णांशी बोलतात. सासूबाईंना अशी एखादी मराठी बोलणारी बाई भेटली, तर मी चार तास समजावून जे होणार नाही ते ती दहा मिनिटांत करेल.

रिपोर्ट आणायला नुसत्या मुलाला पाठवू नका. सासूबाईंना बरोबर न्या आणि आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा, "आईंशी बोला." रिपोर्ट साधा आला तरी एक प्रश्न विचाराच: "फोटोत जे दिसलं होतं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का?" फोटोत गाठ फार संशयास्पद दिसत असेल आणि तुकड्यात काही सापडलं नाही, तर कधीकधी सुई परत लावावी लागते. कॅन्सर आला तर सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर या तिघांचं मत पहिल्या ऑपरेशनच्या आधी घ्या.

आणि एवढं सगळं करूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर त्यांना ओढत नेऊ नका. फक्त गाठ दाखवायला, सुई न लावता, एखाद्या महिला सर्जनकडे न्या आणि "आज फक्त बोलायचं" हे वचन खरंच पाळा. माझ्या पाहण्यात नाही म्हणणाऱ्या बऱ्याच बायका या दुसऱ्या, शांत भेटीनंतर स्वतः तारीख मागतात. रिपोर्टमधलं ४च्या पुढचं अक्षर आणि गाठीचा आकार मिळाला की नाव-पत्ता झाकून इथेच लिहा, त्यातलं काय कुणाला विचारायचं ते मी सांगेन.